मागितली लाइन, दिली लाइन

देवासला टेकडीखालच्या आमच्या गल्लीत 'लाइन गेली' म्हणजे वीज गेली. 'लाइन लागली' म्हणजे टँकर आला, बादल्या घेऊन उभे राहा. पोरगा 'लाइनवर आला' म्हणजे सुधारला, आणि 'लाइन मारतो' म्हणजे अजून सुधारायचाय. इतकी कामं करणारा दुसरा शब्द आमच्याकडे नाही. म्हणून नळासाठी पत्रक काढलं तेव्हा वर ठळक छापलं : हमारी गली को लाइन दो. हिंदीतच. गल्लीत मराठी सगळे बोलतात, वाचायला मात्र कुणी तयार नाही.

पत्रक खरं आत्यासाठी होतं. ती चढावर, अगदी वरच्या घरात एकटी राहते. टँकर खालीच थांबतो आणि तिचे गुडघे गेलेत. घरात पाणी आलं नाही तर दिवाळीनंतर इंदूरला मुलाकडे जायचं, असं ठरलेलं. तिला जायचं नाही.

घरोघर फिरलो, महापालिकेच्या ऑफिसात खेटे घातले. शेवटी रस्ता खणला, पाइप टाकले, आत्याच्या ओट्यावर तोटी बसली. लोकांनी मला हार घातला. हार सुकला, तोटीतून थेंब नाही.

पुन्हा ऑफिसात गेलो. साहेबांनी आमचंच पत्रक पुढे सरकवलं.

"पढ़ो भिया. क्या माँगा था?"

"लाइन."

"डली कि नहीं डली?"

"पर पानी?"

"पानी का तो इसमें कहीं लिखा नहीं. अलग से माँगो."

ही यांची सेवा. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. बाहेर बाकावर बसून मोबाइलवर 'लाइन' शब्दाचं मूळ शोधलं. निघालं जवसाचं. जुन्या लॅटिनमध्ये जवसाच्या दोऱ्याला 'लिनेआ' म्हणत. दोरा ताणून सरळ रेघ मारायची. रेघेवरून रांग, तार, पाइप, सगळं आलं.

आत्याला सांगितलं. ती हसली. "जवस म्हणजे आपली अळशी ना? सरदारपूरला आमच्या शेतात व्हायची. निळी फुलं. मग साहेबाचं काय चुकलं रे? दोरा मागितलास, दोरा दिला. आता त्या दोऱ्याखाली विहीर माग."

नवं पत्रक लिहिलं. त्यात लाइन कुठेच नाही, नुसतं पाणी.

"त्यात 'रोज' पण लिही," आत्या म्हणाली. "नाहीतर एकदा सोडतील आणि म्हणतील, दिलं."

'रोज' लिहिलं. छापून आणून तिला दाखवायला गेलो, तर तिची बॅग कपाटावरून खाली आलेली. तोटीवर फडकं वाळत होतं.

"थांब म्हणशील तर थांबते," ती म्हणाली. "पण तोवर पाणी कोण चढवणार?"

मी पत्रकं तिच्या बॅगेवर ठेवली आणि दोन बादल्या उचलून खाली उतरलो. लाइन लागली होती.