टोरांटोचे टप्पे

निवृत्त एसटी कंडक्टर वासुदेव इंगळे सगळी अंतरं टप्प्यांत मोजत. सहा किलोमीटरचा एक टप्पा. त्यांचा मुलगा प्रफुल्ल टोरांटोला. नऊ वर्षांत घरी फिरकला नव्हता. वडनेरच्या पारावर कोणी विषय काढला, की वासुदेवराव खेकसत, "मुंबईहून विमानानं वीस तास लागतात बे! दोन हजार त्र्याऐंशी टप्पे!"

सोमवारी शेजारच्या मधुकरनं भर पारावर त्यांच्या हातावर शेगावचा प्रसाद ठेवला.

"प्रफुल्ल भेटला ना मंदिरात! बायको-पोरं घेऊन दर्शनाले आलता. मुंबईहून विमान हाय म्हने, मंदिरातूनच परत गेला."

मधुकर हसला.

"काका, शेगाव किती टप्पे हो?"

चौतीस वर्षांची सवय. वासुदेवरावांच्या तोंडून निघून गेलं, "सात."