महेश्वरला पुरेल एवढी बॅटरी

इंदूरला पोलोग्राउंडच्या आमच्या शेडमध्ये किस्से कुठून येऊन साचतात, कळत नाही. भंगारवाला निदान महिन्यातून एकदा येऊन लोखंड उचलतो, किस्से कोणी नेत नाही. जुन्या गाड्यांचं इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवायचा आमचा धंदा. त्यातले निम्मे किस्से एकट्या वैद्य सरांच्या अँबेसेडरचे, आणि ते सांगायला बसलो की माझा पाय अजून आपोआप हलायला लागतो.

*

वैद्य सर मला शाळेत फिजिक्स शिकवायचे. गाडी घेऊन आले तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो नेहमीचा, कारण बॅटरी पॅक केवढा करायचा ते त्यावरच ठरतं. "सर, एका चार्जमध्ये किती चालायला हवी?"

"महेश्वरला जाऊन परत."

"तिथे चार्ज करता येईल की," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, शेजारून म्हणाल्या.

"हो, घाटावर एक्स्टेंशन बोर्ड टाकू," सर म्हणाले.

काकू पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता. "डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत चालवा, पुढचं पक्कं नाही. मला एकदा ही स्वतः चालवत न्यायचीय, मंदार. जमव." तेव्हा जून चालू होता. त्या दिवसापासून मला स्वस्थ बसवेना.

*

अस्वस्थ माणूस काम लवकर करतो असा लोकांचा समज आहे. मी तेच काम पुन्हा पुन्हा करतो. सेल मागवण्याआधी आम्ही पॅकच्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके करून गाडीत ठेवून बघतो. ते करायचे आमच्या वेल्डरने, रईस भियाने. मी सगळे खोके आधी डिकीत ठेवले, मग अर्धे बॉनेटखाली, मग मागच्या सीटखाली, मग परत डिकीत. सातव्यांदा नवी मापं दिली तेव्हा त्याने कटर खाली ठेवला.

"मंदार भिया, बैटरी बिठा रिये हो कि बारात? हर घंटे में सबकी जगह बदल रई है."

*

मागच्या सीटखाली खोके ठेवायचे तर सीट चार इंच वर येणार होती. कागदावर ते चालत होतं. सर म्हणाले, बसून बघतो. बसले, आणि डोकं टप्पकन छताला लागलं. मी घाबरून धावलो. त्यांनी टाळू चोळली आणि वर्गात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "निरीक्षण झालं. निष्कर्ष तू लिही."

*

काकूंची अट होती की डिकीत सामान मावलं पाहिजे. खोके ठेवून उरलेली जागा मी त्यांना दाखवली. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"एवढ्यात शेवेची पिशवी तेवढी मावेल."

"तो काकी," रईस भिया म्हणाला, "इंदौर का आदमी बाहर और क्या ले जाता है?"

अट तिथल्या तिथे मागे घेतली गेली.

*

ऑगस्टमध्ये सरांचे फोन सुरू झाले. "मंदार, सेल जास्त लागतात म्हणून उशीर होतोय ना? मग महेश्वर राहू दे. उज्जैन धर." मी पॅक लहान केला, खोके बदलले. चार दिवसांनी पुन्हा फोन. "उज्जैन तरी कशाला, देवास धर." पुढच्या आठवड्यात, "अरे सुन, इथल्या राजवाड्यापर्यंत गेली तरी बहुत झालं."

हे मी रईस भियाला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. "सर को दिखना कम हो रिया है भिया, और तुम अभी तक नक्शे बना रिये हो."

मला स्वतःची लाज वाटली. त्याच दुपारी शेवटचं ड्रॉइंग काढलं आणि यापुढे त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. धरलं मात्र महेश्वरच.

*

ड्रॉइंग पक्कं झालं तरी पुढच्या आणि मागच्या चाकांवर किती भार येतो ते तपासावं लागतं. इंजिन काढलेलं, पॅकच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पोती, आणि गाडी ढकलत गल्लीच्या टोकाला ट्रक तोलतात त्या धरमकाट्यावर न्यायची. स्टिअरिंगवर सर बसले. नको म्हणायला कोणी धजलं नाही. आम्ही चौघं मागून ढकलत होतो. काकू उजव्या खिडकीला धरून चालत होत्या आणि हळू आवाजात सांगत होत्या, "डावीकडे. अजून थोडं. आता सरळ." तरी फाटकाचा खांब सरांना दिसला नाही. मडगार्ड घासलं.

पुढची चाकं काट्यावर आली. काटेवाल्याने केबिनमधून डोकं काढलं. "साब, ड्राइवर समेत तौलूँ कि उतर रहे हो?"

सरांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाले, "ड्राइवर समेत. एक मिनट." आणि त्या लांबलचक पुढच्या सीटवरून सरकत सरकत डाव्या दारापर्यंत गेले.

काकू अजून उजव्या खिडकीपाशीच उभ्या होत्या. आयुष्यात त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"बस इथे," सर त्यांना म्हणाले.

काकूंनी आमच्याकडे बघितलं, पदर खोचला, दार उघडून बसल्या आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"हाँ," सर काटेवाल्याला म्हणाले, "अब तौलो."