दंडाची साक्ष

पारा खाली आला, की आमचे डॉक्टर डोळे बारीक करून रक्तदाबाच्या यंत्राकडे बघत आणि म्हणत, "हे दंडाचं झालं. काळजाचं काय?"

जव्हार संस्थान विलीन झालं, दवाखान्यावरची पाटी बदलली, त्या सुमाराला ते आमच्याकडे आले. मी तिथे नर्स होते. माणूस मुलखाचा संशयी. गवळी दारात दिसायच्या आधीच दुधात पाणी आहे, असं ठरवून मोकळे. मी कुणाचा ताप मोजला, की थर्मामीटर झटकून पुन्हा स्वतः लावत. मला त्यांचा भयंकर राग यायचा. तुम्हालाही आला असता.

रक्तदाबाच्या यंत्रावर तर त्यांचा विशेष डोळा. "बाई, काळजातून निघणाऱ्या मोठ्या नळीत काय चाललंय, ते आपल्याला हवंय. दंडावर मिळते ती त्याची नुसती बातमी. आणि बातमी वाटेत बदलते!" मी मान डोलवायची. मनात म्हणायची, आता ह्यांना माणसाच्या नळ्यांचाही संशय!

एकदा दाभोशाकडचा एक कावडवाला बायकोला घेऊन आला. वर्षानुवर्षं कावड वाहून डाव्या खांद्यावर घट्टा उठलेला. डोकं ठणकायचं, चढावर धाप लागायची. मी डाव्या दंडाला पट्टी बांधून दाब मोजला. अगदी छान होता. डॉक्टरांनी अर्थातच पुन्हा मोजला. तेवढाच भरला.

"मंग जातो," तो उठला. "उद्या जंगलात लाकडा उचलायला जायाचा हाय."

बायको डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती.

डॉक्टरांनी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काळीज दारं आपटतंय, आणि दंड म्हणतो घरात सगळं शांत आहे. कुणीतरी खोटं बोलतंय." आता माझ्यावर येणार, असं मला वाटलं. पण त्यांनी त्याची दोन्ही मनगटं एकदम धरली. डावी नाडी फारच दुबळी होती.

"उजवा हात दे."

"नाय. तो जेवणाचा हात हाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आमच्याकडे सगळेच डावा हात पुढे करत. दहा जणांच्या दंडाला लागलेली पट्टी जेवायच्या हाताला कोण लावून घेणार?

एरवी डॉक्टर डाफरले असते. त्या दिवशी त्यांनी पट्टी आपल्याच उजव्या दंडाला गुंडाळली, सोडली आणि त्या बाईच्या फडक्यातली नागलीची भाकर मागून घेतली. आधी हुंगून पाहिली, ते काही सुटलं नाही. मग त्याच हाताने तुकडा मोडून खाल्ला.

बाई फसकन हसली. "दे आता हात," ती नवऱ्याला म्हणाली.

उजव्या दंडावर पारा चढला तो उतरायचं नाव घेईना. "खांद्याजवळची नळी अरुंद झालीय ह्याची," डॉक्टर म्हणाले. "काळजाचा जोर डाव्या दंडापर्यंत पोचतच नाही." मग बायकोला म्हणाले, "ह्याला ओझं उचलू दिलंस, तर एक दिवस हा वाटेतच पडेल."

तिने कोपऱ्यातली कावड उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

दाब उतरवायला सर्पगंधेच्या गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालं. दर बाजाराला तो येई आणि दोन्ही हात पुढे करी.

"खारी सुकट खाल्लीस?"

"नाय."

"तोंड उघड." आणि डॉक्टर खरोखर वास घेत.

पुढे त्यांची मोखाड्याला बदली झाली. एका दुपारी तिकडून निरोप आला. डॉक्टर रोगी तपासता तपासता खुर्चीतच कोसळले आणि गेले. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, दाब फार वाढला असणार, असं सगळे म्हणत होते.

बाजाराच्या दिवशी कावडवाला आला. मी त्याला सांगितलं. तो तिथेच उकिडवा बसला.

"बाय, मंग त्यांचा दाब कोण बघत होता?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. आपला दंड त्यांनी कधी कुणाच्या हाती दिलाच नव्हता. मला त्यांचा पहिल्यासारखा राग आला, आणि रडू काही आवरेना.