हर्बेरियमची दक्षिणेकडची खिडकी

"न्हाई म्हणजे न्हाई! ही खिडकी उघडायची न्हाई," असे म्हणून गायकवाडबाई काळा रंग फासलेल्या काचेसमोर उभ्या राहिल्या.

कोपरगावजवळच्या एका विद्यापीठाच्या जुन्या इमारतींत दिवसाचा उजेड आणून वीज वाचवण्याचे काम माझ्याकडे होते. वर्गखोल्यांत ते साधले होते. तेथे आम्ही लाइट शेल्फ, म्हणजे खिडकीच्या वरच्या भागात आडवी पांढरी फळी बसवली. ऊन तिच्यावरून छताकडे वळते आणि खोलीत आतवर सौम्य उजेड पसरतो. दिवसा ट्यूबलाइट लागत नाही.

उरला होता हर्बेरियम, वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह. विभागप्रमुख गायकवाडबाईंनी त्यातली काही गवते तरुणपणी खर्डा गावच्या माळावरून आणली होती. आता तो माळ नांगरला गेला आहे. ती गवते फक्त येथेच उरली आहेत.

"थेट ऊन आत येणार नाही, बाई."

पाठशाळेत शिकलेला इंजिनिअर म्हणून मला सगळे शास्त्रीबुवा म्हणत. बाईही म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, तुम्ही रोज सूर्याला अर्घ्य देता. पण तुमचा देव माझ्या फुलांना पावत न्हाई. रंग उडवतो."

मला हसू आले. "मग त्याची परीक्षा घ्या."

बाईंनी खरोखरच घेतली. सहज मिळणाऱ्या एका जांभळ्या फुलाचे दोन नमुने त्यांनी काळ्या कागदाने अर्धे झाकले. काचांवरचा थोडा काळा रंग खरवडून एक दक्षिणेच्या खिडकीत फळी बसवून तिच्याखाली ठेवला, दुसरा उत्तरेच्या खिडकीजवळ. हिवाळा सरल्यावर कुलसचिवांसमोर दोन्ही उघडले. दक्षिणेकडच्या नमुन्याचा उघडा भाग गवताच्या काडीसारखा फिकट झाला होता. उत्तरेकडच्या नमुन्यात मला चष्मा लावूनही फरक दिसेना.

कुलसचिव म्हणाले, "प्रस्तावात सगळ्या खिडक्या आहेत. अहवालात बचत कमी दिसेल."

"दिसू द्या," मी म्हणालो. "दक्षिण बंद ठेवू, उत्तर उघडू."

त्यांनी प्रस्तावातली दक्षिणेची खिडकी खोडली आणि सही केली.

कपाटे दक्षिणेच्या भिंतीला गेली, टेबले उत्तरेला आली. पाहून झालेला नमुना लगेच कपाटात जाऊ लागला. पहिल्या दिवशी बाईंनी खर्ड्याचे एक गवत भिंगाखाली धरले. त्याच्या कणसावरची लव दिव्याविना स्पष्ट दिसली.

"जमलं तुमच्या देवाला," त्या म्हणाल्या.

एवढी भीती मनात असताना जी व्यक्ती भांडण न वाढवता पुरावा शोधते, तिच्याविषयी मला नितांत आदर वाटतो. आता कोणत्याही खोलीत गेलो की मी आधी विचारतो, कोणती खिडकी बंद राहिली पाहिजे? आराखडा त्यानंतर काढतो.