स्पिरिटचा दिवा

नववीत विज्ञान घ्यायचं हे बाबांनी ठरवलं, मी नाही. भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोपवून ते भिलाईच्या कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर लागले होते, आणि इथले इंजिनियर पाहून त्यांच्या डोक्यात माझ्याबद्दल काहीबाही शिरलं होतं. आईला ते मुळीच पसंत नव्हतं. शाळेत सरांनी सांगून ठेवलं होतं की ज्याला जमणार नाही त्यानं आठ दिवसांच्या आत विषय बदलून घ्यावा. मला तेवढाच आधार वाटत होता.

पहिलं प्रॅक्टिकल रसायनाचं होतं. वर्गात बंगाली, पंजाबी, मल्याळी, सगळ्या मुलखाची मुलं. घरी काहीही बोलत असोत, शाळेत फाडफाड हिंदी बोलायची. मी मात्र मनात वाक्य जुळवून मगच तोंड उघडायची, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. माझ्या टेबलावर एका ऑफिसरची मुलगी होती. काडी ओढायला ती घाबरली, म्हणून स्पिरिटचा दिवा मी पेटवला. ज्योत उभी राहिली आणि माझे हात जोडले गेले. घरी तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लागला की जोडतात तसे. डोळेसुद्धा मिटले होते.

उघडले तेव्हा ती मुलगी तोंडावर रुमाल धरून हसत होती. मग मागचं टेबल हसलं, मग सगळा वर्ग. "आरती भी होगी क्या?" कुणीतरी विचारलं. सर हसले नाहीत, पण त्यांनी घाईघाईनं फळ्याकडे तोंड फिरवलं. ते मला जास्त लागलं.

आपण काही खेडवळ नाही हे तिथल्या तिथे दाखवून द्यायचं म्हणून मी वाकले आणि फू करून दिवा विझवला. दिवा तोंडानं फुंकायचा नाही, हे आमच्या घरात मुलं बोलायला लागायच्या आधी शिकतात.

सर ताडताड आले. "स्पिरिट लैंप मुँह से नहीं बुझाते. ढक्कन किसलिए दिया है?"

म्हणजे शाळेतही तीच रीत होती. ती मला ठाऊक होती आणि मीच मोडली होती. लाजेनं कान तापले. उरलेला तास मी परीक्षानळ्या धूत राहिले.

घरी गेले ती विषय बदलायचं पक्कं करूनच. बाबा सकाळपाळीहून येऊन चहा घेत बसले होते. हात जोडल्याचं सांगितलं, तर बशीतला चहा सांडेपर्यंत हसले. निदान घरी तरी कुणी हसणार नाही, असं मला वाटलं होतं.

आई हसली नाही. भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "मंग इझवला कसा? तोंडानं फुकला त नाही ना तुनं?"

"नाही," मी म्हणाले. "झाकण असते त्याले. ते ठेवलं का इझते. सर म्हणते, फुकायचा नाहीच."

आईचे हात थांबले. मग ती बाबांना म्हणाली, "तुमी हसून राहिले, पण तिथंबी दिव्याची रीत पाळते. मले वाटे, काय शिकवत असतीन कोण जाणे. शिकू द्या तिले."

विज्ञानाच्या बाजूनं ती पहिल्यांदाच बोलत होती, आणि तेही माझ्या खोट्यावर विसंबून. विषय बदलायचं सांगायला आले होते, ती तिच्याजवळ भाजी निवडायला बसले.

दिवेलागणीला तिनं काडेपेटी माझ्या हातात दिली. "आजपासून तू लाव."

मी दिवा लावला, हात जोडले. तिच्याकडे बघवेना.

आठ दिवस उलटून गेले, मी सरांकडे गेले नाही. विज्ञानाची गोडी पुढे लागली, पण त्या वर्षी मी त्या टेबलाशी टिकले ती निव्वळ लाजेपोटी. विषय सोडायचा तर आईला कारण सांगावं लागलं असतं, आणि खरं सांगण्यापेक्षा मला वर्गातलं हसू परवडलं.