राष्ट्रीय विजेता, टकलासकट

मी ओमानचा माजी राष्ट्रीय कर्लिंग विजेता आहे. हे ऐकलं की लोक पहिल्यांदा माझ्या टकलाकडे बघतात. म्हणून आधीच सांगतो, हे केसांचं कर्लिंग नव्हे. हा बर्फावर दगड घसरवायचा खेळ आहे. एकाने मूठ लावलेला भलामोठा गुळगुळीत दगड सोडायचा आणि दुसऱ्याने त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत धावायचं. घासलं की दगड आणखी लांब जातो. पलीकडे रंगवलेल्या गोलाच्या मध्याशी ज्याचा दगड जवळ, तो जिंकला. मिश्र दुहेरीत जोडीला एक बाई आणि एक पुरुष. (म्हणजे संसारच, फक्त पायाखाली बर्फ!)

गोष्ट २०१५च्या आसपासची. रुसैलच्या आमच्या कारखान्याचे साहेब कॅनडाचे. त्यांना मस्कतमध्ये स्केटिंगचं बर्फाचं मैदान सापडलं आणि त्यांनी मायदेशाहून दगड मागवले. ओमानात! जिथे जिकडे बघावं तिकडे दगडच! वर स्पर्धेला ‘राष्ट्रीय’ हा शब्दही त्यांनीच लावला, कारण राष्ट्रात हा खेळ खेळणारं दुसरं कुणी नव्हतं.

"कोण खेळणार?" साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. मी तेवढा साहेबांकडे बघत राहिलो, कारण गणपतीला चिपळूणला जायचा माझा रजेचा अर्ज त्यांच्याकडे पडून होता.

"ग्रेट! तू आणि तुझी बायको!"

मी लगेच घरी फोन लावला. "अगं नीला, शुक्रवारी साहेबांनी आपल्याला कर्लिंगला बोलावलंय."

"दोघांना?"

"जोडीनेच असतं ते."

"तुम्ही कशाचं करणार?"

मागे मशीन धडधडत होतं. मला काही ऐकू आलं नाही, मी आपलं "हो हो" म्हणालो.

शुक्रवारी बायको खोलीतून बाहेर आली ती पैठणी नेसून. खांद्यावर केसांच्या गुंडाळ्या रुळत होत्या, नुकत्या तळलेल्या चकल्यांसारख्या!

"हे काय?"

"कर्लिंग! रूवीतल्या पार्लरमधून करून आले. साहेबांच्या बायकोपुढे अवतारात जाऊ?"

मी खरा प्रकार सांगितला. त्यानंतर ती जे बोलली, ते छापण्यासारखं नाही. शेवटी पैठणीच्या जागी सलवार-कमीज, त्यावर माझा जुना स्वेटर आणि चकल्यांवर माकडटोपी चढवून आम्ही निघालो. बाहेर डांबर मऊ झालं होतं. गाडीतून उतरलेलं आमचं ध्यान बघून दारावरच्या ओमानी रखवालदाराने काळजीने विचारलं, "सब ठीक?"

आत मी बर्फावर पहिलं पाऊल ठेवलं आणि बसलो. म्हणजे बसायचं नव्हतं.

"मम्मा, बाबा पडली!" आमची कन्या इरा बाकावरून ओरडली. (इंडियन स्कूलचं मराठी.)

"पडला म्हण गं!"

"ओके! मम्मा, बाबा परत पडला!"

स्पर्धेत चारच जोड्या. आमच्या पहिल्या सामन्यात समोर अकाउंट्समधलं एक जोडपं होतं. कोणी किती जोरात घासायचं, यावरून त्यांचं तिथेच असं जुंपलं की दोघं दोन वेगवेगळ्या टॅक्सींनी घरी गेले. आम्ही एकही धड दगड न टाकता अंतिम फेरीत! आणि तिथे समोर कोण? साक्षात साहेब आणि त्यांच्या लिंडाबाई!

मी मनात ठरवून टाकलं, हरायचं. साहेबांना हरवलं तर साहेब रजा कशी देणार? नीलाला मात्र हे सांगण्यात अर्थ नव्हता. एव्हाना तिला खेळ आवडायला लागला होता. "एवढासा तर वरवंटा," म्हणत तिने दोन दगड असे नेमके सोडले की गुण बरोबरीत आले! लिंडाबाई टाळ्या वाजवत होत्या आणि मला बर्फावर उभ्या उभ्या घाम फुटला होता.

शेवटचा दगड माझा. साहेबांचा दगड गोलाच्या मध्याला जवळजवळ टेकलेला. मी गुडघ्यावर बसलो आणि दगडाला हलकेच ढकललं, झोपलेल्या बाळाचा पाळणा ढकलावा तसं. हा निम्म्या वाटेत थांबणार, आपण हरणार, खलास!

पण नीला ब्रश घेऊन त्याच्यापुढे धावली. खस खस खस खस!

"अगं नको! सोड त्याला!"

"तुम्ही गप्प बसा! येतोय तो!"

"थांब म्हणतो ना!"

"तुमचं ऐकून आजवर काय भलं झालंय?"

मी तिला अडवायला धावलो. दोन पावलांत आडवा झालो आणि पोटावर घसरत निघालो. पुढे बायको, मध्ये दगड, मागे मी, अशी आमची मिरवणूक चालली. टोपी उडाली, चकल्या सुटल्या, पण बाई थांबेना! मेलेला दगड रांगत रांगत गोलात शिरला आणि साहेबांच्या दगडाला बाजूला सारत अगदी मधोमध जाऊन बसला.

मग इरा किंचाळली, "मम्मा जिंकला!"

साहेब हातमोजा काढत माझ्याकडे आले. मी अजून बर्फावरच पालथा होतो, उठायची हिंमत नव्हती.

"सर," मी खालूनच म्हणालो, "चुकून झालं. रजेचं मात्र..."

"रजा?" साहेब चक्रावले. "ती तर मी गेल्याच आठवड्यात मंजूर केली! तू मेल बघत नाहीस?"

एवढं बोलून ते मला ओलांडून गेले आणि नीलाचा हात दोन्ही हातांनी दाबत म्हणाले, "मॅडम, कमाल! पुढच्या वर्षी तुम्हाला जरा बरा जोडीदार मिळाला पाहिजे!"

नीलाने केस मागे सारले, बर्फावर पसरलेल्या माझ्याकडे शांतपणे एकदा पाहिलं आणि साहेबांना म्हणाली, "इन्शाल्ला!"