सुनेच्या दारासमोर

खोत्सो आणि मी दक्षिण आफ्रिकेतल्या वेलकम शहरात एकाच सोन्याच्या खाणीत होतो. मी लाकडाचे टेकू लावायचो, तो दगड फोडायचा. छताचे सैल दगड पाडल्याशिवाय तो कोणाला पुढे जाऊ देत नसे. मुकादम शिव्या द्यायचा, पण त्याच्या पाळीतली माणसं आपल्या पायांनी वर यायची.

आमच्यासारख्या, शेजारच्या लेसोथो देशातून आलेल्या जुन्या खाणकामगारांना दक्षिण आफ्रिकेत कायम राहण्याचा हक्क मिळाला, तेव्हा त्याने थाबोंग वस्तीत माझ्या शेजारी घर बांधलं. रविवारी आम्ही दोघे विटा रचायचो. ओळंब्याला भिंत जराशी ढळलेली दिसली की तो पाडायचा आणि पुन्हा रचायचा. त्याची बायको वारली होती. मुलगा रेथाबिले शाळेत जात होता.

मग खाण बंद झाली आणि तिकडे लेसोथोत, मोखोतलोंगच्या डोंगरात त्याची आई अंथरुणाला खिळली. खोत्सो गेला. मुलगा माझ्याकडे जेवू लागला. फी बाप पाठवायचा. थोड्या दिवसांत येतो म्हणाला होता. आई पुष्कळ वर्षं जगली.

तिला माती देऊन तो परतला, तेव्हा सीमेवर कळलं की इतकी वर्षं बाहेर राहिल्याने हक्क संपला आहे. आता फक्त पाहुणा म्हणून काही दिवस राहता येईल. कचेरीत म्हणाले, हक्क परत मिळू शकतो, पण तुमचं घर इथंच आहे हे दिसलं पाहिजे. आमचा माणूस येऊन बघेल आणि घरातल्यांना विचारेल. खोत्सो माझ्या अंगणात हसत हसत आला.

"एवढंच? मला वाटलं, पुन्हा दगड फोडायला लावतात."

घरात आता रेथाबिले आणि त्याची बायको माकाराबो राहत होते. खोत्सोने आपणहून मागची पत्र्याची खोली घेतली. आमच्यात सासरा सुनेच्या घरात सरळ शिरत नाही. बाहेरून 'को-को' म्हणायचं, ती डोकं झाकून बाजूला झाली की मग पाऊल टाकायचं. हल्लीचे लोक विसरतात. खोत्सो विसरत नसे.

तपासणीला कचेरीतून एक बाई आली, दूर दक्षिणेच्या केपकडची. खोत्सो तिला घेऊन दारापर्यंत गेला आणि थांबला. टोपी काढली. "को-को," म्हणाला आणि उभा राहिला.

"तुमच्याच घरात का जात नाही?" बाईंनी विचारलं.

"आत सून आहे," तो म्हणाला. त्याला वाटलं, यापुढे सांगण्यासारखं काही नाही.

बाईंना काही कळलं नाही. दारात रेथाबिले आला होता. त्याला त्यांनी विचारलं, हे इथं राहतात का? मी कुंपणापाशी होतो. एका वाक्याचं काम होतं.

रेथाबिले म्हणाला, "येतात अधूनमधून. मागच्या खोलीत उतरतात."

खोत्सोने मुलाकडे पाहिलं. टोपी हातातच राहिली. मी कुंपण ओलांडून बाईंना आमची रीत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, शेजाऱ्याचं ठीक आहे, पण आम्हाला घरच्या माणसाचं धरावं लागतं. मी रेथाबिलेकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता.

त्या गेल्यावर मी त्याला धरलं.

"काका, त्यांना हक्क मिळाला की ते कायमचे राहणार," तो म्हणाला. "मग पत्र्याखाली आम्ही दोघं जायचं का?"

"बापाने बांधलंय ते."

"बांधलं आणि गेले. मला जेवायला तुम्ही घातलंत."

ते खरं होतं. पण भिंतीचा एकेक थर खोत्सोने कसा लावला, ते मी पाहिलं आहे.

काही आठवड्यांनी कचेरीचा नकार आला. खोत्सोने सामान बांधलं. रेथाबिले स्वतः ताट घेऊन बाहेर आला, पाप म्हणतात ती मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि पालेभाजी.

"बाबा, जेवून जा."

"आण," खोत्सो म्हणाला. "पाहुण्याला उपाशी घालवू नये."

बाकावर बसून त्याने सगळं खाल्लं. हात धुतले. भिंतीआडच्या सुनेला, जेवण चांगलं झालं, म्हणून मोठ्याने सांगितलं. मग मुलाला म्हणाला, "घर छान आहे तुमचं." रेथाबिले ताट धरून तसाच उभा राहिला.

खोत्सो टॅक्सीच्या नाक्याकडे निघाला. मी बॅग घ्यायला पुढे झालो. त्याने दिली नाही.